पुरूचं प्रकरण कुठे आहे?

सप्टेंबर 2024 मध्ये 'तुंबाड' हा सिनेमा पुन्हा थिएटरात लागला. त्या वर्षी मी ज्या नववीला मराठी शिकवत होते, त्या वर्गात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मोठ्या भावांनी तो थिएटरात जाऊन पाहिला होता आणि यांनी भावांच्या मोबाईलवर. हस्तर, सोन्याच्या मोहरा, पिठाच्या बाहुल्या, सगळं तोंडपाठ. मी फळ्यावर समास लिहीत होते आणि पाठीमागे विनायकरावाच्या लोभावर चर्चा रंगली होती.

शेवटी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "त्या विनायकमध्ये एवढं आवडण्यासारखं काय आहे? लोभी माणूस. घरात खोटं वागतो. स्वतःच्या लहान पोराला त्या विहिरीत उतरवतो."

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "टीचर, बुरा है. पर उसको पता है के वो बुरा है."

नवी मुंबईतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी गेली सतरा वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. चांगला नायक आणि वाईट खलनायक यांच्यामध्ये जो तिसरा माणूस असतो, त्याच्याबद्दल इतकं थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. तास संपल्यावर तो मुलगा टेबलाजवळ आला. म्हणाला, "ऐसा कुछ मराठी में है क्या? किताब?"

उर्दू माध्यमाचा मुलगा स्वतःहून मराठी पुस्तक मागतो, ही गोष्ट किती वर्षांनी घडते ते माझ्या पेशातल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या मुलांसाठी मराठी म्हणजे बोर्डाचा पेपर. ती भाषा घाबरवते, नापास करते. तिच्यात आपल्याला हवं असलेलं काही सापडेल ही अपेक्षाच नसते.

पहिला विचार नारायण धारपांचा आला. 'तुंबाड'चं बीज धारपांच्या कथेत आहे (नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं). आमच्या पिढीने धारप लायब्ररीतून आणून रात्री अंगावर चादर ओढून वाचले. पण धारपांच्या 'समर्थ' कथांमध्ये अनिष्ट बहुतेक वेळा बाहेरून येतं आणि त्याच्याशी लढणारा जाणता माणूस आपल्या बाजूला उभा असतो. या मुलाला वेगळं हवं होतं. ज्याच्या आतच काळोख आहे आणि ज्याला तो दिसतो, असा माणूस त्याला हवा होता. मी त्याला घरातली 'ययाति' दिली.

पौराणिक म्हणून सोवळ्यात ठेवलेली काळोखी गोष्ट

वि. स. खांडेकरांची 'ययाति' 1959 साली आली. 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि 1974 चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं. ते मराठीला मिळालेलं पहिलं ज्ञानपीठ. एवढे सन्मान झाले की पुस्तक कपाटात जातं. आपण त्यावर 'पौराणिक कादंबरी' अशी चिठ्ठी लावतो आणि आत काय आहे ते विसरतो.

आत काय आहे? एका राजाने पायरी ओलांडली म्हणून त्याच्या मुलांना कधीच सुख मिळणार नाही असा शाप आहे. मेलेल्यांना उठवणारी विद्या आहे आणि ती मिळवायला शत्रूच्या घरी राहणारा कच आहे. त्याला मारून, जाळून, त्याची राख गुरूच्याच मद्यात मिसळून पाजल्याची जुनी कथा आहे. राजकन्येची दासी होते. आणि शेवटी एक बाप आपलं म्हातारपण मुलाच्या अंगावर टाकून त्याचं तारुण्य घेतो. आज इंग्रजीत 'डार्क फँटसी' म्हणून जाड जाड पुस्तकं निघतात आणि आपली पोरं ती मोबाईलवर वाचतात. ही कादंबरी त्यांच्या शेजारी ठेवली तर ती मागे राहत नाही.

खांडेकर स्वतः शिक्षक होते. 1920 ते 1938 या काळात ते शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. कदाचित म्हणूनच त्यांचा ययाति राजापेक्षा एखाद्या हुशार, लाडक्या, बिघडलेल्या विद्यार्थ्यासारखा वाटतो. तो वचन देतो आणि मोडतो. मोडताना कारणं शोधतो आणि ती कारणं खोटी आहेत हेही त्याला कळतं. मृत्यूला भितो, म्हणून शरीराला बिलगतो. बाईवर प्रेम करतो, पण तिला वाचवायची वेळ आली की कच्चा पडतो. आणि हे सगळं तो स्वतःच आपल्याला सांगतो, स्वतःच्या तोंडाने. महाभारतातला ययाति मुलाचं तारुण्य हजार वर्षं भोगतो आणि मग शहाणा होतो. खांडेकरांच्या ययातीला ते तारुण्य पचत नाही. पश्चात्ताप त्याला लवकर गाठतो.

आपल्याकडे याला शब्द आहे

असा माणूस वाचकाला का ओढतो? तो वाईट आहे म्हणून नाही. नुसता वाईट माणूस दहा पानांत कंटाळा आणतो. तो स्वतःचा हिशेब ठेवतो म्हणून ओढतो.

मुसलमान वाचकाला हे समजायला परदेशी समीक्षेची गरज नाही. मदरशात बसलेल्या पोरालाही नफ्सचे तीन प्रकार माहीत असतात. सूरह यूसुफमध्ये येणारा, वाईटाकडे ढकलणारा नफ्स-ए-अम्मारा. सूरह फज्रमधला शांत झालेला नफ्स-ए-मुत्मइन्ना. आणि या दोघांच्या मध्ये नफ्स-ए-लव्वामा, स्वतःलाच बोल लावणारा. सूरह कियामाच्या सुरुवातीलाच अल्लाहने या लव्वामाची शपथ घेतली आहे. विचार करा, शपथ घ्यावी इतकी त्याची किंमत आहे. आपण बहुतेक जण आयुष्यभर याच मधल्या घरात राहतो. दिवसा चुकतो आणि इशाला स्वतःशी भांडतो. असा माणूस पुस्तकात भेटला की तो ओळखीचा वाटतो. माझा विद्यार्थी जे म्हणाला, "उसको पता है", ते लव्वामाचंच वर्णन होतं.

आपल्या जुन्या दास्तानांनाही हे माहीत होतं. दास्तान-ए-अमीर हमजामधला अमर अय्यार आठवा. चोर, लोभी, बहुरूपी. त्याची जंबील म्हणजे कितीही टाका, भरतच नाही अशी झोळी. तरी तो अमीर हमजाचा जिवाभावाचा साथी. 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड 1883 पासून लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून निघू लागले. जादूगार, मायावी नगरं, खोटेपणाचे सतरा प्रकार, सगळं त्यात आहे. आपल्या पणजोबांनी ते ऐकलं, हसले, आणि फज्रला उठले. गोष्ट ऐकून कुणाचा ईमान गेला नाही.

दोनच भूमिका

आता जरा कडू बोलते. आमच्या मुलांना या मधल्या माणसाची भूक जास्त आहे, आणि त्याला कारण आहे.

पडद्यावर आणि पुस्तकांत त्यांना स्वतःसाठी दोनच जागा दिसतात. एक, डोळ्यांत सुरमा घातलेला क्रूर माणूस. दुसरी, 'शोले'तल्या इमामसाहेबांसारखा सत्पुरुष, जो मुलगा गमावूनही गावाला धीर देतो. सैतान किंवा फरिश्ता. हिंदी सिनेमाला 1975 साली 'दीवार'मधला विजय दिला तो सलीम-जावेद या दोन मुसलमान लेखकांनी. आईवर जीव टाकणारा, तस्करी करणारा, देवळात न जाणारा, आतून फाटलेला माणूस. त्याच्या दंडावर 786 चा बिल्ला होता. पण त्याच गोष्टीत मुसलमान पात्राच्या वाट्याला आले ते बिल्ल्याची महती सांगणारे भले रहीम चाचा. आतून फाटायचा हक्क विजयला मिळाला, रहीमला नाही.

मराठीत अपवाद आहेत. हमीद दलवाईंची 'इंधन' (1965) वाचा. दलवाईंच्या मतांशी माझे मतभेद आहेत, तुमचेही असतील. पण त्यांच्या कोकणातल्या गावात मुसलमान माणसं चुकतात, घाबरतात, वासनेत अडकतात, लाजतात. ती माणसं आहेत. असं फार थोडं लिहिलं गेलं. म्हणून आमच्या वर्गातला मुलगा हस्तिनापूरच्या राजात स्वतःला शोधतो. मला त्यात वाईट वाटत नाही. पण आपल्या लिहिणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे की जागा रिकामी आहे.

आणि तरीही एक प्रश्न

इथवर मी या अर्ध्या काळ्या नायकाची बाजू घेतली. आता दुसरी बाजू. ती मला त्या मुलानेच दाखवली.

त्याला पुस्तक वाचायला तीन महिने लागले. अडलेले शब्द तो वहीच्या मागे उर्दू लिपीत लिहून आणायचा. पुस्तक संपल्यावर म्हणाला, "टीचर, ययाति का चॅप्टर है, देवयानी का है, शर्मिष्ठा का है. पुरू का चॅप्टर किधर है?"

'ययाति' मी चार वेळा वाचली असेल. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. खरंच, या कादंबरीत तीनच जण स्वतःच्या तोंडाने बोलतात. ज्याने तारुण्य दिलं, तो बोलत नाही. त्याच्याबद्दल बोललं जातं. तो थोर, तो त्यागी, तो आदर्श पुत्र. त्याला त्या क्षणी काय वाटलं, हे त्याला कुणी विचारत नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण आमच्या घरातही एक पुरू आहे.

आम्ही रायगड जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. अब्बा बोटीवर होते. तब्येत ढासळली आणि घरी आले. माझा थोरला भाऊ 1990 साली, एकोणिसाव्या वर्षी, कॉलेज सोडून सौदीला गेला. दम्माममध्ये आधी हेल्पर, मग ड्रायव्हर. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. त्याच्या पैशांवर घराचं छप्पर बदललं, दोन बहिणींची लग्नं झाली आणि माझं बी.एड. झालं. 2016 मध्ये तो कायमचा परत आला, तेव्हा त्याची दाढी अब्बांच्या दाढीइतकीच पांढरी होती. दोघं पडवीत शेजारी बसले की नवखा माणूस विचारायचा, भाऊ भाऊ का?

अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐष केली नाही. पण मुलाच्या दाढीकडे बघून ते मान खाली घालायचे, हे मी पाहिलं आहे. त्यांच्या आतलं भांडण मला दिसायचं, आणि त्यासाठी माझा जीव तुटायचा. भाईला मात्र मी कधी विचारलं नाही की तुला काय वाटलं होतं त्या दिवशी, सहारच्या विमानतळावर. आम्ही सगळ्यांनी त्याला थोर म्हटलं आणि विषय मिटवला. कोकणातल्या किती घरांत असे पुरू आहेत, तुम्हीच मोजा.

म्हणून आता मी अशा नायकाबद्दल एक कसोटी लावते. त्याच्या आत झगडा आहे, ठीक. पण त्या झगड्याची किंमत कोण भरतंय? ययाति तळमळतो, आणि दासी होऊन मूल लपवत पळते ती शर्मिष्ठा. ययाति पस्तावतो, आणि केस पांढरे होतात पुरूचे. ज्या पुस्तकात ही किंमत दिसते, ते पुस्तक मी वर्गात देईन. ज्यात नायकाची तळमळ फक्त त्याला रुबाबदार दाखवण्यासाठी आहे आणि मेलेली माणसं नुसती मोजायला आहेत, ते मी देणार नाही. आपल्याकडेही तौबाची अट हीच आहे. माणसाचा हक्क मारला असेल तर नुसतं रडून चालत नाही, ज्याचा मारला त्याला तो परत करावा लागतो.

मी त्या मुलाला म्हटलं, "पुरूचं प्रकरण तू लिही. मराठीत." त्याने दोन पानं लिहिली. चुका पुष्कळ होत्या. काय लिहिलं ते मी इथे देणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगते, की त्याच्या पुरूला यदूचा हेवा वाटत होता. कारण यदू "नाही" म्हणू शकला.

वडील आले

दोन आठवड्यांनी त्याचे वडील शाळेत आले. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. तुर्भ्याच्या फळमार्केटमध्ये ते टेम्पो चालवतात, रात्रपाळी करून सरळ आलेले. आवाज चढलेला नव्हता, पण राग होता. "टीचर, इसमें जादू-टोना है, देव-असुर है, शराब है. हमारे बच्चे को ये क्यूं पढ़ाते?" आणि मग खरी गोष्ट आली. "वैसे भी दसवीं के बाद इसको मेरे साथ गाडी पे लेना है. मेरी कमर गई अब."

पहिल्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. बापाला मुलाच्या दीनची काळजी असावी, त्यात चूक काय? मी म्हटलं, गोष्ट मी तुम्हाला सांगते, मग ठरवा. आणि शिक्षकखोलीत बसून मी त्यांना दहा मिनिटांत ययातीची गोष्ट सांगितली, शाप, तारुण्य, यदूचा नकार, पुरूचा होकार. मुलाच्या वहीबद्दल चकार शब्द काढला नाही.

ते बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले. मग विचारलं, "और वो लडका? उसने क्या बोला?"

मी म्हटलं, "किताब में उसका चॅप्टर नहीं है."

ते म्हणाले, "मेरे को भी सातवीं से उठाया था अब्बा ने. किसी ने पूछा नहीं."

आणि पुस्तक टेबलावर ठेवायच्या ऐवजी पिशवीसकट परत घेऊन गेले.

या गोष्टीचा शेवट गोड आहे असं मी म्हणणार नाही. टेम्पोचे हप्ते आहेत, कमरेचं दुखणं खरं आहे, आणि एका कादंबरीने घरभाडं भरलं जात नाही. त्या मुलाने दहावीची परीक्षा दिली आहे. पुढे कॉलेज की मार्केट, ते अजून ठरलेलं नाही. मधे एकदा वडील स्टेशनबाहेर भेटले. म्हणाले, "उसको पूछूंगा, टीचर." एवढंच. पण विचारणार आहेत.

मुलांच्या हातात काळोखी पुस्तकं दिसली की घाबरणाऱ्या पालकांना आणि माझ्या सहकाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुस्तक काढून घेण्याआधी विचारा, यातला कोणता माणूस तुला ओळखीचा वाटला? उत्तर नीट ऐका. कदाचित तो ययाति नसेल.

आणि हो, गेल्या ईदला गावी गेले तेव्हा मी भाईला विचारलं. छत्तीस वर्षं उशिरा. तो हसला, चहा संपवला, आणि मग बोलायला लागला. अम्मी दोनदा जेवायला हाक मारून गेली, तरी तो बोलत होता.